शेवटी कोणी परत येत नाही, चालेल?

पाचशे येनचं नाणं पुढं केलं, तरी टेबलापलीकडच्या गृहस्थांनी ते लगेच घेतलं नाही. गळ्यात टॉवेल, कपाळावर घामाचे थेंब, वय पन्नाशीच्या पुढं, कुठल्याशा शाळेत गणित शिकवत असावेत असा चेहरा. पुस्तिकेवर हात ठेवून ते म्हणाले, "माफ करा, पण आधीच सांगितलेलं बरं. ह्यात शेवटी कोणी परत येत नाही. चालेल?" प्रौढांसाठीच्या टेबलांवर वयाचा पुरावा विचारतात म्हणून माझा हात पर्सकडे गेला होता. पण माझ्या पांढऱ्या बटा बघून तो प्रश्न त्यांनी मनातल्या मनात सोडवला असावा. त्यांना काळजी होती ती निराळीच. गोष्ट नवरा-बायकोची, बायको दुसऱ्याची होते आणि पुढं काहीच सावरत नाही, हे ह्या परदेशी बाईला सोसेल का? मी "चालेल" म्हटलं. त्यांनी दोन्ही हातांनी पुस्तिका दिली, मान लववली आणि मग नाणं डब्यात टाकलं.

स्वतः रचलेलं, स्वतः चितारलेलं दुःख विकताना गिऱ्हाइकाची एवढी काळजी का वाटावी, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

खरं तर मी तिथं सोबतीला गेले होते. ऑफिसातली एक मैत्रीण रेल्वेच्या फलाटांवरच्या सोबा-दुकानांवर, म्हणजे रश्शातल्या नूडल्सच्या टपऱ्यांवर, पुस्तिका काढते. कुठल्या स्थानकावरचा रस्सा गोडसर, कुठं कांद्याची पात सढळ हातानं घालतात, असला ऐवज. स्वतः लिहायचं, स्वतः छापून आणायचं आणि तोक्योच्या बिग साइट ह्या प्रदर्शन-संकुलात टेबल मांडून विकायचं. ह्या बाजाराचं नाव कॉमिकेट. २१ डिसेंबर १९७५ ला पहिला भरला तेव्हा ३२ गट होते आणि सातशेच्या आसपास माणसं, त्यात बहुतेक शाळकरी मुली, मुलींसाठीच्या जपानी चित्रकथांनी वेडावलेल्या. २०१९ च्या डिसेंबरात चार दिवसांत साडेसात लाख लोक येऊन गेले. उन्हाळ्यात भरतो तेव्हा घामाच्या वाफेचा ढग छताखाली जमतो म्हणतात. मला ढग दिसला नाही, पण माझा चष्मा दर पाच मिनिटांनी धुकट होत होता. प्रकाशक नाही, संपादक नाही. वीस-तीस पानांच्या, मधोमध पिना मारलेल्या पुस्तिका. छापखान्याकडे लवकर मजकूर दिला तर सवलत, म्हणून महिनाभर आधीपासून जागरणं. विक्रीच्या दिवशी सकाळी आयोजकांची माणसं प्रत्येक टेबलावरची नमुना प्रत चाळून जातात, कारण तिथल्या दंडसंहितेतलं १७५ वं कलम अश्लीलतेचं आहे आणि ते अजून जिवंत आहे. त्यापायी धीट पुस्तिकांतही नेमक्या जागी चौकोनी धुकं किंवा काळी पट्टी असते. आमच्या सोबा-पुस्तिकेचीही प्रत तपासली. तपासणाऱ्या मुलाला पान सातवरची भजी आवडलेली दिसली.

दुपारी मैत्रिणीनं मला फिरायला पिटाळलं आणि मी त्या रांगेत जाऊन पोचले. जोडीदार हिरावला जाण्याच्या ह्या गोष्टींचा तिथं एक अख्खा प्रांत आहे. नाव नेतोरारे, लाडकं रूप एनटीआर. आपल्याकडे एनटीआर म्हटलं की मुकुट घातलेले रामाराव डोळ्यांसमोर येतात, त्यामुळे पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी अंमळ गोंधळलेच होते. पण तिथं ही अक्षरं गंमत म्हणून छापत नाहीत. औषधाच्या पाकिटावर लाल पट्टी असते तशी ती मुखपृष्ठावर, विक्रीच्या संकेतस्थळावर, दुकानाच्या फळीवर ठळक असतात. ज्यांना हवं ते तीच अक्षरं शोधत येतात, ज्यांना नको ते तीच बघून पळतात. पट्टी न लावता असा शेवट केला तर वाचक खवळतात. कामुक चित्रांचा पूर आलेल्या त्या दालनात कुणाच्या उघड्या देहाची कुणाला धास्ती नाही, धास्ती आहे ती नायकाचं माणूस त्याला सोडून जाईल ह्याची. मला हे भलतंच सभ्य वाटलं आणि थोडं हास्यास्पदही. खऱ्या आयुष्यात कोण अशी पट्टी लावून येतं?

पुस्तिका घरी आणून वाचली. गाडीत वाचायची माझी छाती नव्हती. गोष्ट अगदी साधी, त्या प्रांतातल्या ठरलेल्या वाटेनं जाणारी. नवऱ्याची बदली दुसऱ्या गावी, तिथं एकट्यानं राहायचं. जपानी कंपन्यांत हे सर्रास चालतं, आपल्याकडचे ऑनसाइटवाले हे चांगलंच ओळखतील. बायको मागं. शेजारी, किंवा साहेब, किंवा ती जिथं अर्धवेळ काम करते तिथला मॅनेजर, कोणी ना कोणी असतंच. इथं मॅनेजर होता. जे दाखवायचं ते दाखवलं होतं, धुक्याच्या चौकोनांसकट, आणि त्याबद्दल मला फार काही म्हणायचं नाही, कारण ती पानं मी भराभर उलटली. थांबले ते एका चौकटीपाशी. नवरा न कळवता रात्री घरी येतो. दार उघडतो. जपानी घरात दाराच्या आत एक खोलगट जागा असते, तिथं पादत्राणं काढायची आणि मग पायरी चढून वर जायचं. तिथं तिच्या सपाता आणि शेजारी पुरुषाचे बूट. बुटांची टोकं दाराकडे वळवलेली. पाहुणा आत गेला की त्याचे बूट असे फिरवून ठेवायचे, जाताना त्याला सोपं पडावं म्हणून. ही तिथल्या घरच्या बाईची रीत. बाकी सगळ्या पानांवर जे घडलं होतं त्यापेक्षा ते बूट वळवून ठेवणं त्या नवऱ्याच्या जिव्हारी लागलं असणार. चौकटीत तो दिसतच नाही. दिसतात बूट, आतल्या दिव्याचा पट्टा आणि त्याच्या हातातल्या पिशवीचा कोपरा, ज्यात बदलीच्या गावची मिठाई आहे. दारातली अनोळखी चप्पल बघून आपण घराचा सगळा रागरंग ओळखतो, तेव्हा मला ही चौकट कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

शेवटच्या पानावर लेखकाचं मनोगत होतं, तेही अशा पुस्तिकांत ठरलेलं. उकाडा फार आहे, अंगठा दुखतोय, इथवर वाचलंत त्याबद्दल आभार, पुढच्या वेळी काहीतरी आनंदी काढावं म्हणतो. एका संसाराची राखरांगोळी करून पुढच्याच पानावर हवापाण्याच्या गप्पा. मला हसू आलं, आणि मग लक्षात आलं की त्या टेबलामागच्या माणसाचा आवाज अगदी असाच होता.

ह्या गोष्टींवर माझा रागही आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. बायकोला आतलं म्हणून काही नसतं. ती आधी चांगली असते, मग घसरते, मग निराळीच कुणी होते, आणि ह्या तिन्ही अवस्थांत तिला काय वाटतं हे नवऱ्याच्या नाहीतर मॅनेजरच्या खिडकीतूनच कळतं. स्त्रीच्या बाजूनं सांगितलेल्या, बायकांनीच काढलेल्या पुस्तिकाही त्याच दालनात असतात, पण ह्या रांगेत त्यांची वर्दळ कमी. तिसऱ्या माणसाची तऱ्हा तर आणखी चमत्कारिक. पुष्कळदा त्याला डोळेच काढलेले नसतात. तोंड, हनुवटी, रुंद पाठ. त्याला कधी झोप लागत नाही असं होत नाही, त्याला कधी एकट्याला जेवावं लागत नाही. आणि मला साहित्यातला दुसराच एक तिसरा माणूस आठवतो. कवी सातो हारुओ आपल्या मित्राच्या, कादंबरीकार तानिझाकी जुनइचिरोच्या, बायकोच्या प्रेमात पडला. मित्रानं ती आधी देऊ केली, मग शब्द फिरवला, दोघांचं बोलणं बंद झालं. १९२१ मध्ये सातोनं एक कविता लिहिली. शरदातल्या वाऱ्याला सांगणं एवढंच, की एक पुरुष आज संध्याकाळी एकटाच सानमा मासा खात बसलाय, हे तिला कळव. त्या चांदीसारख्या स्वस्त माशावर हिरवं संत्रं पिळायची त्याच्या गावची चाल, तीही कवितेत आहे. पुढं १९३० मध्ये तिघांनी मिळून छापील पत्रक काढून स्नेह्यांना कळवलं, की आमचा घटस्फोट झाला आणि हिचं लग्न आता सातोशी होतंय. वर्तमानपत्रांनी ते छापलं आणि गावभर चर्चा झाली. पत्रक विसरलं तरी चालेल. मासा मात्र तिथल्या लोकांच्या पाठ आहे, आणि तो परक्याची बायको हवी असलेल्या माणसाच्या ताटातला आहे.

१९०७ साल मला फार बोलकं वाटतं. त्या वर्षी जपानची नवी दंडसंहिता मंजूर झाली. त्यातल्या १७५ व्या कलमाची करामत वर सांगितलीच. १८३ वं कलम व्यभिचाराचं: बायकोनं परपुरुषाशी संबंध ठेवला तर तिला आणि त्या पुरुषाला दोन वर्षांपर्यंत कैद, तक्रार नवऱ्यानं करायची. नवऱ्यानं बाहेर काही केलं तर बायकोला तक्रार करायची सोय नाही. आणि त्याच वर्षी तायामा काताइनं 'फुतोन' ही कथा छापली. पस्तिशीतला, बायकापोरं असलेला लेखक, घरी राहायला आलेली तरुण शिष्या, तिचा एक प्रियकर. लेखक मनातल्या मनात तिच्यावर हक्क सांगत राहतो, प्रियकराचं कळल्यावर तिच्या वडिलांना बोलावून घेतो, वडील तिला गावी घेऊन जातात. शेवटी हा माणूस माडीवरच्या तिच्या खोलीत जातो, कपाटातून तिचं अंथरूण-पांघरूण काढतो, मखमली गळपट्टीतला तिचा वास घेत रडतो. बाहेर वारा सुटलेला असतो. ज्याच्याकडून त्याच्याच बायकोची प्रतारणा झाली, तोच आपण लुटले गेलो म्हणून रडतो, आणि जी गेली ती कधीच त्याची नव्हती. लोकांनी ही लेखकाची स्वतःचीच कहाणी आहे हे ओळखलं आणि त्यानंतर जपानी लेखक स्वतःची लक्तरं वेशीवर टांगण्यात पटाईत झाले ते झालेच. १८३ वं कलम १९४७ मध्ये गेलं. आपलं ४९७ वं त्यानंतर सत्तर वर्षं टिकलं, सर्वोच्च न्यायालयानं २७ सप्टेंबर २०१८ ला ते मोडीत काढलं. आपल्यात बायकोला शिक्षा नव्हती, फक्त तिच्या मित्राला होती. जणू बैल कोणी सोडून नेला, तर बैलाला कशाला पकडायचं! जपानात आजही नवरा किंवा बायको त्या तिसऱ्या माणसाकडून नुकसानभरपाई मागू शकते. नुकसानाचा आकडा ठरतो, पावती मिळते.

आकडा आणि पावती. इथं मला मिरजेचे काका आठवतात.

आमच्या वाड्यात मागच्या दोन खोल्यांत ते राहायचे. त्यांची बायको, आम्हा मुलांची काकू, एका जूनमध्ये गेली. तंतुवाद्यांच्या गल्लीत भोपळे कोरायचं काम करणाऱ्या एकाबरोबर गेली असं मोठी माणसं आवाज खाली करून बोलत, आणि आम्ही ओट्यावर गजगे खेळता खेळता कान टवकारत असू. काकांनी मात्र कधी आवाज खाली केला नाही. मंगळवार, साडेचारची कोल्हापूर एसटी, पाऊस नव्हता पण आभाळ भरून आलं होतं, ती मागच्या दारानं गेली, जाताना फळीवरचा पितळी डबा नेला. डब्याच्या झाकणावर तिच्या आईचं नाव कोरलेलं होतं. "डबा नेला, म्हणजे ठरवून गेली," असं ते म्हणायचे. नव्या माणसाला, पोस्टमनला, लाईट बिलवाल्याला, सगळ्यांना. दरवेळी तोच वार, तीच वेळ, तोच डबा. एसटी साडेचारची का पावणेपाचची ह्यावर एकदा माझ्या वडिलांशी त्यांची चक्क जुंपली. आई म्हणायची, "त्यांना एवढं तरी धरून ठेवायला असू दे." मला लहानपणी त्या डब्याचंच वाईट वाटायचं. पुढं थोडी अक्कल आली तेव्हा आठवलं, की त्या खोल्यांतून काकूचा आवाज त्याच्या कितीतरी आधीपासून ऐकू येईनासा झाला होता. आधी ती दळण निवडता निवडता नाट्यगीतं म्हणायची. ती गाणी कुठल्या वारी थांबली हे काकांना सांगता आलं नसतं. वाड्यातल्या कुणालाच आलं नसतं.

अतामीच्या समुद्रकिनारी गेले होते तेव्हा ह्या काकांची फार आठवण झाली. तिथं एक पुतळा आहे: विद्यार्थ्याच्या वेषातला तरुण, लाकडी खडावा घातलेल्या पायानं, खाली पडलेल्या मुलीला लाथ मारतोय. ओझाकी कोयोच्या 'कोंजिकी याशा' ह्या कादंबरीतला प्रसंग. ठरलेली वधू हिऱ्याच्या अंगठीवाल्या श्रीमंताशी लग्न करायला निघाली, तेव्हा तरुण तिला बजावतो की आज १७ जानेवारी, पुढच्या वर्षी ह्याच महिन्यात, ह्याच रात्री, माझ्या आसवांनी हा चंद्र झाकोळून टाकीन, आणि दहा वर्षांनीही टाकीन. कादंबरी १८९७ पासून वर्तमानपत्रात येत होती आणि पुरी व्हायच्या आत, १९०३ मध्ये, लेखक गेला. ह्याच ओझाकीनं विद्यार्थी असताना, १८८५ मध्ये, मित्रांबरोबर हस्तलिखित मासिक काढून हातोहात फिरवलं होतं. आजच्या बिग साइटमधल्या टेबलांची वंशावळ तिथवर नेऊन भिडवतात. पुतळ्याजवळ एक पाटीही आहे, हा कादंबरीतला प्रसंग आहे, मारहाणीचं समर्थन नाही, अशा अर्थाची. पर्यटक लाथेच्या पवित्र्यात फोटो काढत होते. मी बघत होते तो त्या तरुणाचा चेहरा. तारीख ठरवली, चंद्र ठरवला, गुन्हेगार ठरवला. किती निश्चिंत दिसतो तो!

ह्याच्या अगदी उलट टोकाला हजार वर्षांपूर्वीच्या कथेतला गेंजी, सम्राटाचा मुलगा, उभा आहे. मुरासाकी शिकिबूच्या त्या ग्रंथालाही प्रकाशक नव्हता, तो हातानं नकलून पसरत गेला. प्रौढ गेंजीची तरुण पत्नी, तिसरी राजकन्या, हिच्याशी काशिवागी नावाच्या तरुण दरबाऱ्याचा संबंध आला. गेंजीला कळतं कसं? सकाळी तो आपला हरवलेला पंखा शोधतोय. बैठकीची कड जराशी चुरगळलेली, तिच्याखालून फिक्या हिरव्या पातळ कागदाची घडी डोकावतेय. उघडून वाचतो. अक्षर ओळखतो. आरडाओरडा नाही, लाथ नाही. पुढं मूल होतं आणि समारंभात त्या बाळाला मांडीवर घ्यायची वेळ गेंजीवर येते. सगळे बघताहेत, तो बाळाकडे बघतोय. पत्र सापडलं तेव्हापासून त्याच्या मनात आहे ते मात्र दुसऱ्याच घरचं. तरुणपणी त्यानं स्वतः बापाच्या राणीशी हेच केलं होतं, त्यातून झालेला मुलगा राजगादीवर बसला. तेव्हा वडिलांना कळलं असेल का? कळूनही ते न कळल्यासारखं वागले असतील का? ह्या प्रश्नाला उत्तर द्यायला कुणी उरलेलं नाही. मी वाचलेल्या सगळ्या विश्वासघाताच्या गोष्टींत इतका उशिरा आलेला वार दुसरा नाही. आणि तो एका बाईनं लिहिला आहे हे मला वरचेवर स्वतःला सांगावंसं वाटतं.

आपल्याकडची जुनी शिदोरी उघडली की सूर एकदम पालटतो. हालाच्या गाथासप्तशतीतल्या गोदाकाठच्या बायका चोरून भेटायला जातात आणि नवरा बहुधा विनोदापुरता असतो. एका गाथेत भाताचं शेत पांढरं पडत चाललेलं बघून एकजण मान खाली घालून रडतेय. पीक कापलं की आडोसा गेला, भेटायची जागा गेली. मैत्रीण म्हणते, रडतेस कशाला, तागाचा मळा बघ, हरताळानं तोंड रंगवलेल्या नटीसारखा पिवळा फुललाय. म्हणजे जागेची सोय झाली! दोन ओळींत ऋतू, शेती, चोरी आणि दिलासा. हिला आतलं आहे, तेही भरपूर. ही माझी आवडती गाथा, पण इथंही एक गोष्ट खटकते: त्या घरी कुणीतरी दाराकडे बघत बसलं असेल, त्याच्या वाट्याला एक ओळ नाही. त्या ओळीचीच जपान्यांनी फाइलच्या फाइल उघडली, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

पुस्तिकांपेक्षाही ह्या घरी बसलेल्या माणसाचा खोल विचार केलाय तो ह्याच प्रांतातल्या हौशी संगणक-खेळांनी. एकट्या-दुकट्यानं तयार साधनांवर बनवलेले खेळ, चौकोनी गाव, ठेंगणी माणसं. तुम्ही नायक. बायको घरी. तुम्ही जंगलात जाऊन राक्षस मारायचे, नाणी जमवायची, तलवार घ्यायची. खेळ तुम्हाला ह्याचीच बक्षिसं देतो. पण प्रत्येक मोहिमेत दिवस जातात आणि तुम्ही नसताना घरी काहीतरी सरकत राहतं. परतल्यावर ती म्हणते, "दमलास ना?" संवाद तोच, फक्त उत्तर यायला अर्धा क्षण जास्त लागतो. दोष द्यायला खलनायक असतोच, पण वेळ कुठं घातला ते तुमचं तुम्हाला माहीत असतं. बटणं तुम्हीच दाबलेली असतात. आणि सगळं हरून खेळ संपला की एक शेवटची खोली उघडते. तिला स्मरणाची खोली म्हणायचं. तिथं सगळे प्रसंग ओळीनं लावलेले. तुमच्या पाठीमागे जे जे घडलं, तेही. कधी सुरू झालं, कुठं, तिनं आधी काय म्हटलं, सगळं हवं तितक्या वेळा बघता येतं. खेळणाऱ्यांना ती खोली वासनेसाठी हवी असते हे मला कळतं, मी काही कुक्कुलं बाळ नाही. पण मिरजेच्या काकांना अशी एक खोली मिळाली असती तर ते जन्मभर तिथून बाहेर आले नसते, आणि तेही वासनेपायी नव्हे. त्यांना ती गाणी थांबल्याचा वार शोधायचा असता. खऱ्या संसारात तो सापडत नाही. म्हणून मग डबा, एसटी, १७ जानेवारी, दारातले बूट.

सोबावाल्या मैत्रिणीला मी हे सगळं सांगितलं. ती घटस्फोटित आहे. नूडल्स सुर्रकन ओढत म्हणाली, "माझा नवरा गेला तेव्हा फॉर्मवर शिक्का मारायला नगरपालिकेत जेमतेम दहा मिनिटं लागली. कुणी रडलं नाही. त्या पुस्तिकांत निदान कुणीतरी रडतं." मग रश्शाबद्दल तक्रार केली, मीठ जास्त होतं. तो टेबलामागचा माणूस मला का विचारत होता ह्यावर तिचं म्हणणं अगदी सरळ: पट्टी वाचूनही लोक शेवटी परत येण्याची आशा धरून घेतात आणि नंतर लेखकाला पत्रं पाठवतात. तो बिचारा पत्रांना कंटाळला असेल. असेलही. मला ते पुरतं पटलं नाही. दोन्ही हातांनी पुस्तिका देणारा माणूस नुसता पत्रांना कंटाळलेला नव्हता.

गेल्या वेळी भारतात गेले तेव्हा सांगलीला एका लग्नात काकू भेटली. सत्तरी ओलांडलेली, कानात यंत्र, गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झालेली, जेवणाच्या पंगतीत सगळ्यांत खणखणीत आवाज तिचाच. काका जाऊन बरीच वर्षं झाली. मी काय करते असं तिनं विचारलं. मी म्हटलं, यंत्रांची माहितीपत्रकं भाषांतरित करते, आणि सध्या नवऱ्याला सोडून गेलेल्या बायकांच्या जपानी गोष्टी वाचतेय. मठ्ठ्याचा पेला खाली ठेवून ती म्हणाली, "तिकडंही जातात का? बरं झालं." आमच्या शेजारच्या बाई चपापल्या. मग मला राहवलं नाही. म्हटलं, काकू, तो पितळी डबा तुम्ही नेलात, काका शेवटपर्यंत त्याचं सांगायचे.

"कुठला गं?" तिनं खरोखरच आठवायचा प्रयत्न केला. "झाकणावर आईचं नाव होतं तो? अगं, त्याचं झाकणच बसायचं नाही, मुंग्या लागायच्या. कोल्हापुरात गेल्यावर आठवडाभरात मोडीत दिला. त्या पैशात कुकरचं रबर आणलं आणि वर शिट्टी."